दाव्यासकट

दादा, तुमच्या कानावर घातल्याशिवाय कुठलाही व्यवहार पुरा झाला असं मला अजून वाटत नाही, म्हणून लिहिते आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या गाडीचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचा ना-हरकत दाखला आला, आरसी बुकावरचा बोजा उतरला आणि ती लाल, चार माणसं दाटीने बसतील एवढीशी गाडी पहिल्यांदा पुरती माझी झाली. ती घेतली तुम्ही गेल्यावर, तुम्ही ती पाहिलीच नाहीत. सावेडीतून नेवाशाकडच्या माझ्या शाळेत सात वर्षं मी तिच्यातून जाते-येते, आणि एकदाही तिने मला वाटेत उभं केलं नाही. अशी ती माझी झाली आणि त्याच आठवड्यात ठेवायची की बदलायची, हा प्रश्न घरात येऊन बसला.

कारण आईचे गुडघे. गाडी बुटकी. आई आधी पाठ आत घालते, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते. उतरताना मी समोरून तिचे दोन्ही हात धरून ओढते. ती हूं की चूं करत नाही, पण उतरल्यावर दार धरून बराच वेळ उभी राहते. हे म्हणाले, उंच सीटची घेऊ. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यापायी गाडी इकू नको. मी जाती तरी कुठं लई?" खरं सांगते दादा, मला तिचं म्हणणं सोयीचं वाटलं. पंधरा दिवस मी तेच धरून बसले. मग ध्यानात आलं, की काष्टीला मावशीकडे जायचा विषय काढला की आईला नेमका त्या दिवशी उपास निघतो. इतके उपास तर देवालाही ठाऊक नसतील. ती कुठे जात नव्हती, कारण तिला बसवत-उतरवत नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी गाडी द्यायचं ठरवलं.

ठरवलं खरं, पण हात सुटेना. तेव्हा घोडेगावचा बाजार आठवला. मी नऊ वर्षांची. तुम्ही पांढरा बैल विकायला निघालेले, आणि मी रडून-भेकून बरोबर आलेली. तुम्ही आणि दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं दाबताय, चेहऱ्यावर मात्र काही नाही. सौदा ठरतो. पावती करायला जाताना तुम्ही माझ्या हातात बैल देता आणि बजावता, "त्यो घेनारा मानूस आला का दावं सोडून घे. जनावर द्यायचं, दावं न्हाई. त्याच्यासंगं गोठ्याची बरकत जाती." परत येता तर बैल गेलेला आणि माझे हात रिकामे. चारचौघांत तुम्ही कडाडलात, "दावं कुठंय? येवढं एक काम सांगितलं हुतं तुला!" मी म्हणाले, "त्यांनी मागितलं."

मग आपण टेम्पोंच्या रांगेत शोधत फिरलो. एका टेम्पोत तो सापडला. बाकीची जनावरं धडका देत होती, हा आपल्या दाव्याचं लोंबतं टोक हुंगत गप्प उभा. तुम्ही दाव्याच्या गाठीला हात घातलात, थांबलात, आणि त्याच हाताने त्याला मानेखाली खाजवलंत. म्हणालात, "आसू दे. नव्या घरी तेवढं तरी वळखीचं राहील." वाटेत मला भेळ घेऊन दिलीत. घरी आईला सांगितलंत, "दावं मीच इसरलो." आई दोन दिवस बोलत होती. तुम्ही खाली मान घालून जेवत होतात, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. माझ्यासाठी इतक्या सहज कुणी बोलणी खाल्ली नाहीत दादा, त्याआधीही आणि नंतरही. तुमचे उपकार आठवायला बसले की मला पहिलं तेच जेवण आठवतं.

गाडी आमच्या शाळेतल्या नव्या बाईंनी घेतली. बिचाऱ्या रोज दोन एसट्या बदलून येतात. त्या न्यायला आल्या, तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवरची गोधडी तेवढी काढून घेतली. तुमचं धोतर आणि आईचं लुगडं जोडून आईनेच शिवलेली. मी ठेंगणी, ती घडी करून खाली घेतल्याशिवाय मला पुढचा रस्ता दिसायचा नाही. बाई बसल्या तर त्याही माझ्याच उंचीच्या, नाक स्टिअरिंगला. मी आपली गोधडी छातीशी धरून उभी.

आई पायरीवरून म्हणाली, "दे ती. बैल दाव्यासकट देनारी तू, आन् आता हात आखडती व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुझे दादा काय दावं इसरनारे हुते? मला तवाच कळलं हुतं."

"मग त्यांना दोन दिवस का बोलत होतीस?"

"तुला पाठीशी घालायला त्यांला बरं वाटत हुतं. म्हनलं, घालू दे."

मी गोधडी दिली. बाईंनी ती नीट घडी करून खाली घेतली, आरसा हलवला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी रडले, लपवत नाही. आता दारात उंच गाडी आहे. आई कडी धरून आपली आपण चढते. परवा मावशीकडे जाऊन आलो, त्या दिवशी उपास नव्हता.

हे पत्र नव्या गाडीच्या खणात, कागदांखाली राहील. एक गोष्ट आईलाही ठाऊक नाही. त्या माणसाने दावं मागितलंच नव्हतं. स्वतःचं नवं दावं हातात घेऊनच तो आला होता. मीच त्याला म्हणाले, "हेच राहू द्या, दादांनी सांगितलंय." आपलं दावं गळ्यात असलं की बैल आपल्याच घरी परत येईल, असं मला वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी मी गोठ्याची कडी काढून ठेवायची.