एकदाच विचारलं

गुरु. १ ऑक्टो.
पोचले एकदाची. दोन विमानं, मग मुक्ताच्या गाडीतून अख्खी दुपार. गाव म्हणे! एक पेट्रोल पंप, एक पब, एक डेअरी, म्हणजे किराणा दुकान. डेअरीतच पोस्ट, तिथेच मासे धरायची जाळी. ऑकलंडात आमच्या सँडरिंगहॅमला नुसत्या कढीपत्त्याच्या जुडीभोवती याहून जास्त माणसं दिसतात. बाकी सगळं जंगल. ओलं, शेवाळलेलं, ऊन म्हणून जमिनीला लागत नाही.
मु.ला सातवा आहे. पहिलं बाळंतपण आईकडे, ही रीत. तिला ऑकलंडला न्यायला आलेय आणि नेणार.

शुक्र. २
पाऊस. विचारलं, कधी थांबतो? दोघंही हसली.
टॉम, म्हणजे जावई (लग्न नाही केलेलं, पण दुसरं काय म्हणू), तळ्यावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. 'किआ ओरा, आई' म्हणून गळ्यात पडला. अंगाला डिझेलचा वास. इंजिनिअर बापाच्या मुलीने हे निवडलं.
जेवायला व्हाइटबेट. ऑम्लेटात शेवया, फक्त शेवयांना डोळे. मी माहीमची, मला हे मासे खाऊ घालतात! झालं होतं मात्र फर्मास. टॉम म्हणाला, "मोर, आई?" म्हटलं, "नको, पुरे." तर शेवटचं स्वतःच्या ताटात ओढून खाल्लंन. अरे, माणूस पहिल्यांदा नको म्हणणारच! मु.चे बाबा असताना पाहुणे ताटावर आडवा हात धरायचे, तरी बोटांच्या फटीतून श्रीखंड पडायचंच. अर्धपोटी उठले.

शनि. ३
तळं दाखवायला नेलं. हे बघायला म्हणे लोक परदेशातून येतात. तळं आहे. पाण्यात झाडं उलटी दिसतात, ती सरळ शेजारीच उभी आहेत. एक जर्मन जोडपं तोंडाचा आ करून उभं. मला सँडफ्लाय चावल्या, दोन्ही घोटे सुजले. मु. जँडल्स, म्हणजे उघड्या रबरी चपला घालून खुशाल फिरत होती, तिला चावत नाहीत. "दे नो मी नाऊ," म्हणाली. माशा ओळखतात हिला, वा.

रवि. ४
विषय काढला. मी मराठीत, ती इंग्रजीत, नेहमीप्रमाणे.
"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मुक्ता."
"आई, माय मिडवाइफ्ज हिअर. टॉम्ज हिअर."
"आणि हॉस्पिटल?"
अडलंनडलं तर हेलिकॉप्टर येतं म्हणाली. रिक्षा येते म्हणावं तसं. मु. काही ऑकलंडला येणार नाही. बाबांसारखी हट्टी.
रागाने भांडी घासायला घेतली, तर टॉमने मला बाजूला करून सगळी घासून टाकली. साबणाच्या फेसासकट तशीच निथळत ठेवली, न विसळता. या देशातलं हे मला कधी कळलेलं नाही.

सोम. ५
आज जरा वेळ ऊन पडलं, तेही मागच्या खोलीतच येतं. तिथे मु. आणि मी कपडे वाळत घालत होतो. बरी आहे खोली. खिडकीतून तळं दिसतं. उगाच आपलं पलंग कुठे येईल ते बघून ठेवलं.
मु. म्हणाली, "देन यू कम, आई. स्टे. बेबी मोठं होईपर्यंत. ऑर फॉर गुड. धिस रूम्ज युअर्ज."
मधलं मराठीत बोलली. मुद्दाम बोलली असणार.
मी म्हटलं, "छे गं, माझी कुठे अडगळ तुमच्यात!"
"ओके. ऑल गुड," म्हणाली आणि पुढचा टॉवेल झटकला.
झालं. संपलं. संध्याकाळभर तिच्या मागेमागे फिरले, तिने तिळाएवढंही परत विचारलं नाही. मला राहायचं होतं. हे लिहायलाही लाज वाटते, पण राहायचं होतं.

मंगळ. ६
विमानतळ. तो तरी कसला, एस.टी. स्टँड मोठा असतो. मु.ने घट्ट धरलं, पोट मध्ये आलं. वाटलं, आता म्हणेल. म्हणाली, "टेक्स्ट मी व्हेन यू लँड."
हा आमचाच दोष. मुलीला शुभंकरोति शिकवलं, श्लोक पाठ करून घेतले. आईच्या 'नको'चं काय करायचं, ते शिकवायचं राहिलं.

शनि. १०
घरी. चार दिवसांत बोलले ते फक्त वाण्याशी. डिंक, खारीक, खोबरं आणलं.
दुपारी मु.चा फोन. टॉमची आई येतेय टिमारूहून, बाळंतपणाला. मागच्या खोलीत राहील.
"आय जस्ट आस्क्ड अँड शी सेड यस!"
एका हाकेला हो म्हणाली! जनाची नाही, मनाची तरी. आणि त्या बाईला बाळंतिणीचं काय येतंय? टिनमधलं सूप देईल माझ्या पोरीला.
विचारलं, "किती दिवस राहणार त्या?"
"नॉट शुअर. व्हाय?"
"सहज."
फोन ठेवल्यावर मेसेज टाकला: 'डिंकाचे लाडू करतेय. पोस्टाने पाठवू की घेऊन येऊ?'
लगेच उत्तर: 'व्हिचेव्हर इज ईझिअर फॉर यू, आई.' पुढे लाल बदाम.
तूप तापलंय. डिंक तळायला घेते. पोस्टात लाडू फुटतात, असं लिहावं का?