सुखतळे

आई, माझ्या सायकलच्या बुटांना दुर्गंधी येऊ लागली आहे, आणि त्याविषयी मला तुलाच जाब विचारायचा आहे.

बाबा सावनेरजवळच्या कोळसा खाणीतून परतत, तेव्हा त्यांचे बूट तू नाकाला पदर लावून घासत असायचीस. माझे लग्न ठरले त्या आठवड्यात स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू मला बजावलेस, "माहा जलम तुह्या बापाच्या बुटात गेला. तुह्या बायकोले असे बूट धुवाले लावू नको." उपायही तूच दिलास. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला भरायचा, सकाळी झटकून टाकायचा. मी शब्द दिला आणि पाळला. सायकलवरून कार्यालयात जाताना पाळला, निवृत्तीनंतर पेडलला अडकणारे महागडे बूट घेतले तेव्हाही पाळला. मित्रमंडळींत मी हे अभिमानाने सांगत असे. माझी बायको शेजारीच चहाचे कप ठेवत म्हणायची, "खरंच, यांच्या जोड्यांना मी हात लावत नाही हो." त्यावर एक मित्र हात जोडायचा, "वहिनी, आमच्या घरी नका सांगू, माह्यावर बिलामत येईन!"

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. काही आठवड्यांनी मी पुन्हा सायकल बाहेर काढली आणि बूट कुजल्यासारखे घाण मारू लागले. मी पाला दुप्पट केला. परवा मुलगी आली, ती दारातच थबकली. "बाबा, हे बूट आहेत का मेलेला उंदीर?" मी म्हणालो, यंदाचा पाला निकस असावा. ती हसली, आणि हसता हसताच बोलून गेली. "पाल्यानं कुठं वास जात असते, बाबा? रविवारी तुम्ही जेवून झोपले का आई मागच्या नळावर सुखतळे काढून साबणानं घासायची. सावलीत वाळवायची, बुटात खायचा सोडा टाकून झटकायची. मग पाला होता तसा भरून ठेवायची. आजीनंच शिकवलं होतं तिले. आजी म्हणे, 'त्याले सांगू नको वं. त्याले वाटू दे.'"

त्याले वाटू दे. आई, शब्द तू माझ्याकडून घेतलास आणि ब्रश तिच्या हाती दिलास. पाल्याने काही होत नाही, एवढे मला सांगितले असतेस तर मी ते बूट स्वतः धुतले असते. मला ते जमले नसते, असे तुम्हा दोघींना का वाटले? मागे नळ वाहतो आहे, तुम्ही दोघी दबक्या आवाजात बोलत आहात, आणि मी पुढच्या खोलीत न्यायी नवरा होऊन घोरतो आहे. हे चित्र आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बूट तर बूट. पण शेवटच्या दिवसांत धंतोलीच्या रुग्णालयात ती मला रोज सांगायची, "आज बरं वाटतंय, तुम्ही घरी जाऊन झोपा." मी जात असे. ते खरे होते, की तेही तुझ्याच शिकवणीतले होते, हे आता मी कोणाला विचारू?

हे पत्र कुठेही जाणार नाही; तुला जाऊनही वर्षे झाली. खरे तर ते तिलाच लिहायला बसलो होतो. तुझ्यावर रागावण्याची मला लहानपणापासून सवय आहे; तिच्यावर रागावण्याचा धीर अजून होत नाही.