डाव्या खांद्याचा शेला

ओबान,
मंगळवार, दुपार
(तुमचे बंधू बंदरावर गेलेत, तेवढ्या वेळात)

तीर्थस्वरूप ग्रिझेलवन्संना एफीचा मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इन्व्हरनेसच्या गारठ्यात ते फार ठणकतात असं ह्यांनी सांगितल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. लोकरीचे पट्टे बांधता ना? आम्ही सगळे इकडे छान आहोत. छप्पर जागेवर आहे, हेरिंग मासळी स्वस्त आहे, आणि तुमचे बंधू जिवंत आहेत (हे मुद्दाम का लिहिते ते पुढे कळेल). पत्राला काही कारण नाही. सहज लिहायला बसले. अडलं म्हणून वन्संची आठवण झाली, असं कृपा करून मनात आणू नका.

तर शनिवारी रोरीचं लग्न. चर्चमधून हॉलवर आलं की मुलाच्या घरच्यांनी नव्या सुनेच्या खांद्यावर आपल्या कुळाच्या चौकडीचा, टार्टनचा शेला लावायचा आणि तिला आपल्यात घ्यायची, हे मी तुम्हाला काय सांगायचं! घराण्यातल्या सगळ्या सुनांचे शेले तुमच्याच हातचे. माझासुद्धा. तो इतका देखणा होता की दिवसभर लोक शेलाच बघत होते, त्याच्या आत एक नवरी आहे हे संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं. म्हणून नवीन वर्षाला तुम्ही "मॉर्वेनचा मी शिवते" म्हणालात तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं, माझ्या सुनेचा शेला मीच शिवीन. तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. (तो चहा मला अजून दिसतो, वन्सं.)

माझं शिवण तुम्हाला माहीत आहे. स्वयंपाकघरातले पडदे मीच शिवले आहेत आणि ते एकमेकांना कधीच भेटत नाहीत. दुसऱ्याच दिवशी शहाणी होऊन मी तुम्हाला लिहिणार होते, पण तेवढ्यात मॉर्वेन आली. पोरीची आई ती लहान असतानाच गेली. फार बोलत नाही, मी तिला आवडते की नाही तेही कळत नाही. पण शेल्याचं ऐकून म्हणाली, "तुम्ही स्वतः शिवणार? माझ्यासाठी?" आणि तेव्हापासून चहाला आली की आधी माझ्या शिवणाच्या टोपलीकडे बघते, मग माझ्याकडे. आता सांगा, अशा पोरीला काय तोंडानं सांगायचं की नाही गं, तुझ्या आत्तेसासूबाईंना देते शिवायला?

रेशीम विणकरानं नेमक्या मापाचं विणून दिलं, बोटभर जास्त नाही. चौकडीला चौकडी जुळवता जुळवता माझा जीव मेटाकुटीला आला. रेशीम ताज्या माशासारखं, धरलं म्हणेपर्यंत निसटतं. दिवस सरत गेले आणि रविवार उजाडला. रविवारी घातलेला एकेक टाका परलोकात नाकानं उसवावा लागतो, हे सासूबाईंचं सांगणं मी विसरलेले नाही (माझं नाक चांगलं लांब आहे, निभेल). पण दुसरा इलाज नव्हता. मी सगळे पडदे ओढले, टेबलावरचा दिवा लावला आणि ह्यांना मधोमध उभं केलं. ह्यांची उंची मॉर्वेनएवढी आहे. रुंदीचं मी मनातल्या मनात वजा करत होते. समोर उभी राहून उजव्या हाताच्या खांद्यावर चुण्या घातल्या, कमरेशी कापडाचं फूल धरलं, चुण्यांना पक्के टाके घातले आणि बाकी सगळीकडे टाचण्या. आणि दार वाजलं.

भर दिवसा पडदे ओढलेलं घर म्हणजे आत कोणीतरी गेलेलं, हे अख्ख्या ओबानला कळतं. मला मात्र ऐन वेळी सुचलं नाही. दारात पाद्रीबुवा, हातात हॅट, चेहरा लांब. मागे शेजारची जेसी, हातात स्कोन्सची ताटली. ह्यांच्या अंगावरचा शेला काढायला वेळ नव्हता. तशाच टाचण्यांसकट ह्यांना आतल्या खोलीत ढकललं, पलंगावर आडवं केलं आणि गळ्यापर्यंत घोंगडी ओढली. मी म्हटलं, गेलं कोणी नाही, ह्यांना जरा बरं नाही. (खोटं, आणि तेही रविवारी. एवढं उसवायला माझं नाक पुरणार नाही.) पाद्रीबुवा म्हणाले, "मग तर मला भेटलंच पाहिजे," आणि पलंगाशी बसून प्रार्थना करू लागले. ह्यांनी कूस बदलली. टाचणी रुतली. ह्यांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून पाद्रीबुवांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. संध्याकाळी चर्चमध्ये ह्यांच्यासाठी सगळ्या गावानं देवाला साकडं घातलं. तेव्हापासून घरात रश्श्याची पातेली येताहेत आणि ह्यांना बंदरावर बघून लोक दचकताहेत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. काल जेसी ताटली न्यायला आली. मी रात्री उरलेली शिलाई संपवली होती, म्हणून मोठ्या तोऱ्यात शेला अंगावर घालून दाखवला. जेसीनं डोकं एका बाजूला कलवलं. म्हणाली, "अगं बाई एफी, तुझा रोरी कुळाचा प्रमुख कधी झाला गं? आम्हाला केक तरी द्यायचा!"

वन्सं, शेला डाव्या खांद्याचा झालाय. ह्यांना समोर उभं करून मी माझा उजवा हात धरला. डावा खांदा कुळप्रमुखांच्या पत्नीचा, बाकी आपण सगळ्या उजव्या. आणि त्या बाईसाहेब शनिवारी पहिल्या बाकावर बसणार आहेत. मी माझ्या हातानं त्या बिनआईच्या पोरीच्या खांद्यावर तो शेला लावणार, आणि आमच्या घरातल्या तिच्या पहिल्याच दिवशी हॉलभर लोक तोंडावर हात धरून हसणार. ते हसू ह्या गावात नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल. उलटा फिरवून बघितला तर शिवणीची उलटी बाजू वर येते आणि फूल पाठीशी जातं. चुण्यांचे दोन टाके उसवले, तिथे रेशमाला भोकं दिसायला लागली. मग मी कात्री खाली ठेवली ती अजून उचललेली नाही. हे म्हणाले, "ग्रिझेलला लिही ना." मी म्हटलं, एक वेळ उपाशी मरेन, पण वन्संना त्रास देणार नाही. भीती वाटते मला, खरंच फार भीती वाटते. पण माझं मी निस्तरीन. तुम्ही काळजी करू नका. गुडघ्यांना जपा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
एफी

ता. क. : सोबतच्या डब्यात तुमच्या आवडीचं शॉर्टब्रेड आहे. वरचा थर तेवढाच. खाली मेणकागदात शेला आहे. लोण्याचा हात लावू नका.

ता. क. २ : तुम्ही लग्नाला येणार नाही असं कळवलेलं पत्र मला मिळालेलंच नाही, असं मी धरून चालले आहे. वरच्या खोलीत शेगडी पेटवून ठेवते. गुरुवारच्या बसला हे थांबतील. कशासाठी ते त्यांना सांगितलेलं नाही, पार्सल येणार म्हटलंय. जिना मी पुसून घेतला आहे, कठड्याला धरून सावकाश चढा.

ता. क. ३ : सगळा उसवा, वन्सं. चुण्या तुमच्या पद्धतीनं घाला, फूल नवं करा, भोकं कशी लपवायची ते तुम्हालाच माहीत. शनिवारी लोकांनी दिवसभर शेलाच बघितला तरी मी काही बोलणार नाही. फक्त खालच्या काठाशी, आतल्या बाजूला, माझी वीतभर शिलाई आहे. वाकडी आहे, पण कोणाला दिसत नाही. तेवढी राहू द्या. मॉर्वेन मला नक्की विचारणार आहे, आणि त्या पोरीशी मला खोटं बोलायचं नाही.