मधातून घेतलेलं औषध

नारायण पेठ, पुणे ३०
१२ फेब्रुवारी २०००

चि. पूर्णिमा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तिकडे जर्मनीत रस्त्यावर बर्फ साचलाय हे वाचून तुझ्या आईने मला इथे स्वेटर घालायला लावला. दुपारी पंखा लागतो, पण तिच्यापुढे कोण बोलणार?

शेजारच्या अभिनवकडे कॉम्प्युटर आलाय. हिंजवडीला नोकरी लागल्यापासून तो सगळ्या वाड्याला ई-मेल शिकवत सुटलाय. मला म्हणाला, "काका, पत्र कशाला? दोन मिनिटांत पोचेल." मी म्हटलं, मला जे लिहायचंय ते दोन मिनिटांत पोचायला नको आहे. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा तिरकस बोलतोय.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचा आता सायबर कॅफे झाला. चार खुर्च्या आणि पंधरा पोरं. फोनची केबिन तेवढी शिल्लक ठेवली आहे, माझ्यासारख्यांसाठी. संक्रांतीला मी तुला तिथूनच फोन केला होता. तू विचारलंस, आई कुठे? मी म्हटलं, हळदीकुंकवाला गेली.

दिवाळीत आईला लक्ष्मी रोडवरून चप्पल घेतली होती, ती परवा परत केली. दुकानदार म्हणाला, पैसे मिळणार नाहीत, दुसरं काहीतरी घ्या. मी मऊ मोजे घेतले. त्याचं कारण पुढे येईल. आधी तुझ्या कॅप्सूलचं सांगतो.

तुमच्या सरांच्या, मधुमेहावरच्या गुडमार पाल्याच्या प्रयोगात आम्ही दोघांनी नाव घातलं, तेव्हा तू नाराज होतीस. घरची माणसं नकोत म्हणालीस. सरांनीच सांगितलं की जर्मनीला पाठवायच्या नळीवर फक्त नंबर असतो, रक्त मोजणाऱ्या पूर्णिमाला आईचं कोणतं आणि बाबांचं कोणतं ते कळणारच नाही. निम्म्यांना गुडमार, निम्म्यांना नुसती भुकटी. रंग तोच, कडूपणा तोच. कोणाच्या डबीत काय ते कोडमध्ये बंद, वर्षभर कोणालाच ठाऊक नाही, ना डॉक्टरला ना रोग्याला. रोजची मधुमेहाची गोळी मात्र सगळ्यांनी चालूच ठेवायची. मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मला ही रचना फार आवडली होती.

पण तुम्ही सगळे हुशार लोक एक गोष्ट विसरलात. पुण्यात औषध कोणी नुसतं गिळत नाही.

तुझी आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, पालेभाजीच्या जातीचं औषध असं पाण्याबरोबर ढकलून अंगी कसं लागेल? त्याला अनुपान हवं." तिच्या माहेरच्या वैद्यांनी जन्मभर चूर्णं मधातून चाटवली. तिने दोन्ही कॅप्सूल फोडल्या, दोन चमच्यांत ओतल्या, वर थेंबभर मध. मधुमेहाच्या रोग्यांनी मध चाटायचा, हे डॉक्टरांना सांगायची सोय नव्हती, म्हणून सांगितलं नाही.

माझा मध मला मेणासारखा लागला. मी म्हटलं, मध भेसळीचा आहे. तिने आपला चमचा चाटला आणि म्हणाली, चांगला गोड आहे. बरणी एकच.

तुला आठवतं ना, कॉलेजात असताना तू गुडमारची पानं घरी आणून आम्हाला चघळायला लावली होतीस? त्यानंतर साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखी वाटली होती. तुझी आई घाबरून चूळ भरत बसली होती. ते मला आठवलं आणि उलगडा झाला. माझ्या डबीत गुडमार होतं. तिच्या डबीत भुकटी.

मी तिला सगळं समजावलं आणि म्हटलं, डब्या बदलू. तुझी साखर माझ्यापेक्षा जास्त असते, पायाला मुंग्या तुझ्या येतात, मला काय धाड भरली आहे? तिने ऐकून घेतलं, भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांनीच खरं औषध खाल्लं तर पोरीने तुलना कशाशी करायची? कोणीतरी भुकटी खायलाच हवी ना."

मी चिडलो. ती चिडली नाही. पुढे वर्षभर तिने रोज ती भुकटी मधातून चाटली, एक दिवस चुकवला नाही. मला तेव्हाच तुला कळवायला हवं होतं, हे मला ठाऊक आहे, तू ते लिहू नकोस. तिने शपथ घातली होती. शिवाय मला वाटलं, एवढ्या लोकांत दोन नंबरांनी काय बिघडतं.

आता मोज्यांचं. दिवाळीत अनारसे तळताना खाली ठेवलेल्या गरम कढईला तिचा उजवा पाय लागला. तिला कळलंच नाही. मला वास आला म्हणून पाहिलं. जखम भरेना. आज बरी आहे, उद्या बरी आहे, असं करत पौष आला. संक्रांतीला मी तुला फोन केला तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती. तिची दोन बोटं काढली आहेत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. आता घरी आहे, काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालते, आणि चहात मी साखर चोरून घालतो का यावर लक्ष ठेवते. तुला सांगायचं नाही हे तिचंच फर्मान. म्हणाली, कोड उघडेपर्यंत पोरीचा हात थरथरता कामा नये.

गुडमारने तिची बोटं वाचली असती, असं मी म्हणत नाही. माझी साखर उतरली आहे, पण मी एक माणूस आहे, पुरावा नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र हे शहाणपण मला धीर देत नाही. तेव्हा मला फक्त त्या दोन डब्या दिसतात.

ऑपरेशनच्या आधी तिने मला एकच विचारलं. "पूर्णिमाच्या कामात माझा नंबर धरलाय ना? मग झालं तर."

हे सगळं मी एक मार्चला कोड उघडेपर्यंत पोटात ठेवणार होतो. पण परवा शेवटचं रक्त द्यायला दवाखान्यात गेलो. बाकावर लोणी काळभोरचे बापूराव शेजारी होते. तेही आपल्याच प्रयोगातले. सहज म्हणाले, "मास्तर, हल्ली मधात लई भेसळ हाय. दुकानदाराशी भांडून आलो. गोडच लागंना."

मी विचारलं, कॅप्सूल गिळत नाही का?

"निस्ती गिळून लागू कशी व्हायची? मधातच चाटतो की."

समोरच्या बाकावरच्या दोन बायका म्हणाल्या, आम्हीही. एकीचा मध गोड होता. जिचा नव्हता तिने तीन दुकानं बदलली होती.

पोरी, हे दोन नंबरांचं राहिलेलं नाही. तुमच्या प्रयोगात कोणाला काय मिळालं ते अर्ध्या लोकांच्या जिभेला केव्हाच कळलंय. आमच्यासारखं ज्यांनी ते ओळखलं, त्यांतल्या ज्याला आपलं औषध खरं वाटलं तो नेमाने चालला असेल, पथ्य पाळलं असेल. ज्याला खोटं वाटलं त्याने काय केलं असेल, देव जाणे. तुझ्या सरांना हे तू सांगायला हवंस, कोड उघडायच्या आत. तुझं वर्ष जाईल. कदाचित तिकडची शिष्यवृत्तीही. मला फार वाईट वाटतंय, पूर्णिमा. पण खोट्या आकड्यांवर तुझं नाव आलेलं मला पाहवणार नाही.

एकच मला सुटत नाही. तू फोन केलास की आई विचारणार, माझा नंबर धरलास ना? तिचा नंबर खोडला तर तिने ती भुकटी कशासाठी खाल्ली? खरं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी ठरवू शकलो नाही.

तब्येतीला जप. डोकं टोपीने झाक.

तुझ्या पाठीशी असलेला,
बाबा

ता. क. पूर्णिमा, मी आई. हे पत्र टेबलावर उघडं ठेवून तुझे बाबा पोस्टाचं तिकीट आणायला गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यापासून काही लपवलेलं टिकलेलं नाही. मी सगळं वाचलं. थोडं रडले, ते पायासाठी नाही.

लोणच्याला बुरशी आली तर बरणी ओतून द्यावी लागते, पण कशाने आली ते शोधायचं असतं. दवाखान्यात त्या बायकांना मधाचं मीच शिकवलं होतं, हेही सरांना लिही. माझा नंबर खोड, बिनधास्त खोड. पुन्हा पहिल्यापासून करा. आणि पुन्हा केलंत तर मला घ्या. भुकटी आली तरी चालेल.

या वेळी पाण्याबरोबर गिळेन.

आई