इनेसने निवडलेली गाठ

मी एल्विदियो तोंबारी, राहणार फोसोम्ब्रोने, धंदा ब्रायर झुडपाच्या मुळांतून तंबाखूचे पाइप घडवण्याचा, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना कायदा विचारत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मुलगी फियोरेन्झा शेजारी चेस्टनट सोलत बसली आहे, एवढंच.

१. घर, कोंबड्या आणि अंजिराचं झाड फियोरेन्झाला. झाड तोडू नये. तिची आई इनेस त्याखाली बसून पाइपांना मेण लावायची. दुपारी डोळा लागला की तिचं गुणगुणणं मला अजून ऐकू येतं.

२. लेथ, कानशी आणि मुळं उकळायचं तांब्याचं भांडंही तिलाच. तिचा हात माझ्याहून हलका आहे. हे तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसेल.

३. धाकटा भाऊ दुइलियो. लाकडात छिद्र निघालं की हा लुकण भरून वर रंग फासायचा. असा एक पाइप मी गिऱ्हाइकासमोर चुलीत टाकला, तेव्हापासून अबोला. चर्चमध्येही तो डावीकडे, मी उजवीकडे. त्याला माझा लोकरीचा कोट द्यावा. खिशाला भोक आहे. ते त्याने बुजवावं, सवय आहेच.

४. वरच्या फळीवर ब्रायरच्या मुळाची एक गाठ आहे. इनेसने ती भांड्यातून वाफाळती उचलली आणि म्हणाली, "ही आपली." ओली केली की विंचरलेल्या केसांसारख्या सरळ रेषा दिसतात. सुकायला वर्षं लागतात, पण ती केव्हाच सुकली. मीच कापली नाही. आत छिद्र आहे की नाही, ते कापल्याशिवाय देवालाही कळत नाही, आणि इनेस गेल्यावर माझी हिंमतच झाली नाही. स्वप्नात मात्र रोज तिचा पाइप घडवतो. धूर नदीवरच्या धुक्यात मिसळतो, इनेस विचारते, झाला का? मी म्हणतो, होत आलाय. आता हात थरथरतात. म्हणून ही गाठ दुइलियोला. लबाड आहे, पण लाकूड त्याचं ऐकतं. छिद्र निघालं तर लुकण भरू नये.

नोटरीबाईंनी बजावलं आहे, ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा बाद.

इथवर लिहून फियोरेन्झाला साक्षीदार आणायला पाठवलं. ती पाववाल्या आन्सेल्मोला घेऊन आली, आणि त्याच्यामागून दुइलियोला. कार्टीने मुद्दाम केलं. तो उभ्याउभ्याच सगळं वाचत गेला. कोटापाशी हसला. गाठीचं कलम परत पहिल्यापासून वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेऊन साक्षीदाराच्या जागी सही केली.

"अरे, आता तुला गाठ मिळायची नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. वहिनीने ती तुला दिली होती. ऊठ, दादा. हात थरथरला तर मी धरतो."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून दादा ऐकलं. मला रडू आलं, ते आन्सेल्मोने पाहिलं, गावभर होणारच.

५. सबब कलम चार रद्द. गाठ वाटायला उरणार नाही. फियोरेन्झाने लेथ सुरू केली आहे, ऐकू येते आहे. छिद्र निघालं तर ते उघडंच राहील, आणि तो पाइप आम्ही दोघे ओढू.

कायद्याने दुइलियोचा कोटही बाद झाला. बाहेर गारठा आहे, म्हणून तो मी आत्ताच त्याच्या अंगावर घातला आहे.

लिहून देणार: एल्विदियो तोंबारी
साक्षीदार: आन्सेल्मो बर्तोझी, दुइलियो तोंबारी
फोसोम्ब्रोने, १७ नोव्हेंबर १९९८