चहा ओतत होते

ता. ३ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही असशीलच, नसतीस तर बातमी आपल्या पायांनी चालत आली असती. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपलं बोलणं ते केवढं? मी "हॅलो" म्हणते, तू "आजोबांना द्या" म्हणतेस. आधी "दे" म्हणायचीस. असो. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच.

मंडळाची बातमी देते. नको असली तरी देते, कारण या गल्लीत दुसरं काही घडत नाही.

सायकलच्या दुकानावरची तीच खोली, तेच सहा पट, जिन्याची सहावी पायरी अजून हलते. बुद्धिबळ मंडळ म्हणवून घेतात. माणसं बारा. त्यातली पाच घरातली कामं चुकवायला येतात, चौघांना दुसरं कुणी खेळायला घेत नाही. उरलेल्या तिघांना वाटतं आपण फार मोठे खेळाडू झालो असतो, नशीब आडवं आलं. नशिबाला दुसरे धंदे नाहीत जणू.

हेडमास्तर अजून अध्यक्ष आहेत. हरले की समोरच्याला तासभर समजावून सांगतात, आपण कसे जिंकत होतो ते. एक शिंपी नवा आलाय, तीन वर्षं झाली. तोंडात टाचण्या धरल्यासारखं ओठ मिटून बोलतो, म्हणून मला बरा वाटतो. आणि मंडळाचा चिटणीस, तुमचा तो विमा कंपनीतला. वजन वाढलंय, अक्कल होती तिथंच आहे. अंगठीवाल्या बोटानं टेबलावर टकटक करतो, समोरच्याचं लक्ष उडावं म्हणून. लक्ष असलेला माणूस त्या खोलीत मिळाला तर ना.

मी तीस वर्षं त्यांना दर शनिवारी दुपारी चहा देतेय. मोहरी कशी चालतात ते मला कळतं, पुढचं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण हात कळतात. हरायला लागलेला माणूस कपाचा कान सोडून पोटाला धरतो. खोटं बोलणारा बशी आधी सरळ करतो.

तुझे आजोबा अजून पंच आहेत. खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर नियमांचं पुस्तक. नवं पुस्तक आलं होतं, बारीक टाइपाचं. जुनंच बरं म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून विजेत्यांची पाटी नव्यानं रंगवून घेतली. चिटणीसाचं नाव सात वेळा. एवढ्यावर भागलं नाही म्हणून यंदाच्या चषकालाच त्याचं नाव दिलंय. जिवंत माणसाचं! उद्या स्वतःच्या तेराव्याचं आमंत्रणही स्वतःच वाटेल.

पाटीवर तुझ्या त्या वर्षाची ओळ पण आहे. ताज्या रंगात जास्तच दिसते. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आजी

ता.क. आजोबांची तब्येत छान. जिना हल्ली पायऱ्या मोजत चढतात.

ता. १७ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "त्या वर्षाचं कशाला काढलंस?" एवढ्यासाठी अख्खं पाकीट! पण "काढलंस" लिहिलंयस, "काढलंत" नाही. रागात विसरलीस बहुतेक. राग चांगला असतो कधी कधी.

कशाला काढलं ते मलाही ठाऊक नाही. पाटी रोज दिसते, म्हणून.

तुझ्याइतकंच मलाही आठवतं. तू सतरा वर्षांची, शेवटचा डाव, समोर चिटणीस. तुला अर्धाच गुण हवा होता, नुसती बरोबरी झाली असती तरी पाटीवर तुझं नाव लागलं असतं. त्या पाटीवर तोवर एकाही पोरीचं नाव नव्हतं, आजही नाही. तू एकदम म्हणालीस, "यांनी हत्तीला हात लावला. आता हत्तीच चालवायला हवा." तो म्हणाला, "कोण म्हणतं? मी कुठं लावला?" हेडमास्तरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "मी बघत होतो. हात लागलेला नाही." मग तू माझ्याकडे वळलीस. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, किटली घेऊन. हेडमास्तरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही काही पाहिलंत?"

मी म्हटलं, "मी चहा ओतत होते. मला त्यातलं काय कळतंय?"

चहा ओतत होते हे खरंच आहे.

तू डाव हरलीस, त्या दिवसापासून पटाला शिवली नाहीस, आणि वर्षभरात शिकायला म्हणून गेलीस ती गेलीस. आता कुठल्या कुठल्या गावचं पाणी तपासतेस. चांगलं काम आहे. पाणी तरी खोटं बोलत नाही.

इथं येत्या शनिवारी चषकाचा शेवटचा डाव आहे. शिंपी आणि चिटणीस. हेडमास्तर भाषण पाठ करतायत, जिन्यावर, मोठ्यानं. गल्लीतली कुत्रीसुद्धा दुसरीकडे गेली.

आजी

ता. २३ एप्रिल

ठिणगे,

या वेळी बस आणि वाच. मधे थांबू नकोस, कारण मला हे पुन्हा लिहायचं नाही.

त्या शनिवारी खोली भरली होती. बारा माणसं आणि तिघांच्या बायका, नवरे खरंच इथं येतात का ते बघायला आलेल्या. दोन तास डाव चालला. मग चिटणीसानं कपाचं पोट धरलं. मी मनात म्हटलं, गेला हा. त्यानं हात पुढे केला, घोडा दोन बोटांत धरून थोडा उचलला, काहीतरी दिसलं असणार, परत ठेवला आणि वजिराकडे हात नेला.

शिंपी म्हणाला, "घोडा."

"काय घोडा?"

"हात लावलात. घोडाच चालवायचा."

"अहो, बोटं कापडावर असतात तुमची, नजर पण तिथंच ठेवा." बायका हसल्या. चिटणीसानं बशी सरळ केली.

हेडमास्तरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा ताठ बसले आणि म्हणाले, "मी बघत होतो. हात लागलेला नाही." तेच शब्द, ठिणगे. अकरा वर्षांत एक अक्षर बदललं नाही.

या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हटलं, "लागला. उचलून परत ठेवला."

चिटणीस वळून बघायला लागला, किटलीच बोलली जणू. "आजी, घोडा कुठला नि उंट कुठला ते तरी ठाऊक आहे का?"

"ज्याचं नाक आता भिंतीकडे झालंय तो घोडा," मी म्हटलं. "मघाशी ते शिंप्याकडे होतं, हा घोडा डावात अजून हललाच नव्हता. सकाळी सगळी मोहरी मी पुसून मांडली आहेत. घोड्यांची नाकं मी समोरच्याकडेच करते. तीस वर्षं करतेय."

सगळे पटावर वाकले. नाक भिंतीकडेच होतं.

हेडमास्तर खाकरले. "वहिनी, पंचांनी निर्णय दिलाय. तो शेवटचा असतो."

मी म्हटलं, "पंचांना दिसत नाही."

खाली दुकानात कुणी तरी चाकात हवा भरत होतं. तुझे आजोबा खुर्चीतून उठले नाहीत, की माझ्याकडे वळले नाहीत. म्हणाले, "घड्याळं थांबवा." थांबवली. मग म्हणाले, "शिंप्याची तक्रार मान्य. घोडा चालवा." मग पुस्तक खुर्चीवर ठेवलं, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि पायऱ्या मोजत उतरले. सहाव्या पायरीवर ते अडखळले नाहीत. मी अडखळले.

आता तुला हवं ते लिहिते. छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवून त्यांचे डोळे तुझ्या त्या डावाच्या आधीच गेले होते. पूर्ण नाही, पण पटावरचं काळं-पांढरं वेगळं दिसायचं नाही. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्या कुणाला नाही. पंच म्हणून ती खुर्ची सोडली तर त्या माणसाकडे उरत काय होतं? त्या दिवशी न बघता त्यांनी तुझ्याविरुद्ध सांगितलं, कारण नातीच्या बाजूनं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, घरचीच म्हणून दिलं. मी "लागला" म्हटलं असतं तर ते एक तर खोटे ठरले असते, नाही तर आंधळे. मी दोघांतलं एक माणूस निवडलं. तू तरुण होतीस, मला वाटलं तुला काय, दुसरे शंभर डाव मिळतील. ते मी चुकीचं मोजलं.

हात मी पाहिला होता. अंगठीचं बोट आणि अंगठा, हत्तीच्या डोक्यावर. बघता बघता कप भरून वाहिला आणि बशीतून चहा टेबलावर गेला. तू तो सांडलेला चहा पाहिलास, मग माझं तोंड पाहिलंस. म्हणून तू आजोबांना माफ केलंस आणि मला नाही. बरोबर केलंस. त्यांना दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी भाजी चिरत होते मी, तर मागून म्हणाले, "तेव्हाही?"

"हो."

"कुठलं मोहरं?"

"तिनं सांगितलं होतं तेच. हत्ती."

मग त्यांनी मला नियमांचं पुस्तक आणायला लावलं, शिंप्यानं घरी आणून दिलं होतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत घडी केलेला कागद निघाला. तुझ्या अक्षरातला, त्या डावाच्या चाली लिहिलेला. अकरा वर्षं तो तिथं होता. म्हणजे शंका त्यांनाही होती, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. नवरा-बायको काय जोडी बघ.

मी एक एक चाल वाचली, त्यांनी मांडली. वाचायला मला वेळ लागतो, मांडायला त्यांना. दोन दुपारी गेल्या. चाचपून मोहरं ओळखतात, कान, शेंडी, कंगोरे. प्रत्येक मोहऱ्याला हात लावतात आता, आणि कुणी काही म्हणत नाही. शेवटी हत्ती इकडे नेला, तिकडे नेला, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "हत्ती हलला असता तर तिचा वजीर शह देत राहिला असता. त्याला ना सुटका, ना मात. बरोबरी."

मी म्हटलं, "म्हणजे पाटीवर तिचं नाव."

म्हणाले, "म्हणजे पाटीवर तिचं नाव."

आता बाकीचं. शिंप्यानं डाव जिंकला. चिटणीसाच्या नावाचा चषक त्याच्या दुकानात आहे, त्यात दोऱ्याची रिळं ठेवलीत. तुझ्या वर्षाचं मी सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या शनिवारी जाऊन, उभ्यानं. मंडळानं ठराव केला की जुनी प्रकरणं उकरू नयेत. चिटणीस म्हणाला, आजींचं वय झालंय. हेडमास्तर पंच झाले, त्यांना दिसतं सगळं पण कळत काहीच नाही, म्हणजे मंडळाचं काही बिघडलं नाही. मला चहाला येऊ नका म्हणाले, मशीन बसवलंय. शिंपी सांगतो, त्यातून गरम गढूळ पाणी येतं. एकदा तपासून सांग.

पाटीवर तुझ्या वर्षापुढे अजून चिटणीसाचंच नाव आहे. पुसायला माझा हात पोचत नाही, आणि स्टुलावर चढून पडले तर हेडमास्तरांना भाषणाला आणखी एक विषय मिळेल.

शनिवारी दुपारी शिंपी आता आमच्याकडे येतो. चाल तोंडानं सांगतो, आजोबा हातानं खेळतात. परवा त्यांनी विचारलं, "ठिणगीला कळवलंस?" म्हटलं, लिहितेय.

मी माफी मागत नाहीये. अकरा वर्षं उशिरा मागितलेल्या माफीचं तू करशील काय? तुला साक्षीदार हवा होता. तेवढा पाठवतेय. तुझा तो कागद याच पाकिटात आहे. त्याच्या खाली, मोकळ्या जागेत, मी जे पाहिलं ते लिहून सही केलीय. आजोबांनीही केलीय. त्यांची सही रेघेवरून खाली घसरलीय, हसू नकोस.

फोन केलास तर मीच उचलणार, ते सोफ्यावरून लवकर उठत नाहीत. "द्या" म्हणालीस तरी देईन.

जिने पाहिलं होतं ती,
तुझी आजी