भुऱ्याची सोयरीक

मी, श्रीमती धुरपता नत्थू सेलोकर, वय बहात्तर, राहणार शहापूर, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं आहे, पण डोकं ताळ्यावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावणारा अजून जन्माला यायचा आहे, हे हवं तर गावात विचारून घ्यावं. वकीलसाहेबांनी आधी एक छोटा कागद तयार करून आणला होता. त्यात माझी माणसं होती, कुत्री नव्हती. तो रद्द समजावा आणि हाच खरा धरावा.

१. हायवेला लागून असलेली बंद राईस मिल, तिचं गोदाम, मागचं घर आणि पुढची मोकळी जागा माझ्या मालकीची आहे. यजमानांनी हयातीतच ती माझ्या नावे केली. भरडाई बंद पडल्यावर मी इथे कुत्री ठेवायला लागले. ठेवायला लागले म्हणजे काय, ती येत गेली आणि मी हाकलली नाहीत. कोणी ट्रकखाली सापडलेलं, कोणी चालत्या गाडीतून उतरवून दिलेलं, कोणी दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन पळालेलं. सगळ्यांना माझंच फाटक बरं सापडायचं. धुरपताबाईचं डोकं फिरलं असं लोक म्हणायचे, आणि तेच लोक अंधार पडला की पोत्यात पिल्लं आणून सोडायचे.

२. पुढची मोकळी जागा माझा मुलगा प्रविण याला द्यावी. त्याला तिथे ढाबा काढायचा आहे. तो काढेल असं मला वाटत नाही, पण दर दिवाळीला बोलतो बिचारा. त्याने माझ्याकडचं एकही कुत्रं नेलं नाही याचा मला राग नाही. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो, तिथे त्याचंच त्याला होत नाही.

३. मिल, घर आणि गोदाम साकोलीला दिलेली माझी मुलगी रुपा हिला द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला एक अट आहे. गोदामाच्या भिंती जाड आहेत, फटाक्यांचा आवाज आत फारसा येत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना घरं मिळवून दिली ती कुत्री दिवाळीला इथे येतात. कोणी मोटारसायकलवर मांडीत धरून आणतो, कोणी ऑटो करून. भाऊबीज झाली की ज्याचं त्याने घेऊन जावं. लेकी माहेरी येतात आणि परत नांदायला जातात, तसंच हे. माझ्यामागे रुपाने हे माहेर बंद करू नये. भात मात्र कनकीचाच, म्हणजे तुकडा तांदळाचाच शिजवावा. अख्खा तांदूळ घालून लाडावू नये, सासरी गेल्यावर तोंड वाकडं करतात.

४. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे उतरतात, रात्री नाटक होतं आणि दिवसा चहा पिता पिता पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात. त्याच पाहुण्यांत मी माझ्या कुत्र्यांच्या सोयरिकी जुळवत आले. यंदाची जी उरली असतील त्यांच्यासाठीही तसंच करावं. माझं काही बरंवाईट ऐन मंडईत झालं तर रडत बसू नये. पाहुणे वर्षातून एकदाच सापडतात.

याबाबत माझे काही नियम आहेत. लेकराच्या हट्टापायी पिल्लू मागायला आलेल्याला आधी विचारावं, घरात म्हातारं कोण आहे. कुत्रं सांभाळतं ते म्हातारंच, लेकरू आठ दिवस खेळतं. पिल्लू सगळ्यांना पाहिजे असतं, मोठं कुत्रं कोणालाच नको असतं. म्हणून पिल्लू मागणाऱ्यासमोर आधी मोठं कुत्रं आणून उभं करावं. आणि घर पाहिल्याशिवाय द्यायचं नाही म्हणजे नाही. पोरगी देताना आपण विहीर बघतो, भिंत बघतो, सासूचा चेहरा बघतो. इथेही तेवढंच बघावं.

५. मांजरं कोणाला देण्याच्या भानगडीत पडू नये. ती आपली सोयरीक स्वतः करतात आणि स्वतःच मोडतात.

६. पाण्याचा तांब्याचा गुंड आणि माझी पाटल्यांची जोडी सून मेघा हिला. ती मला भिते, पण मनाची चांगली आहे. बँकेत जे काही निघेल त्यातून गोदामाचं छप्पर दुरुस्त करावं आणि उरलं ते कनकीला लावावं. माझ्या तेरवीला गोड एकच करावं.

७. आता माझे दीर मधुकरराव यांच्याविषयी.

मधुकररावांनी गावात टाईल्सचं घर बांधलं तेव्हा त्यांच्याकडे भुऱ्या नावाचा कुत्रा होता. पायांनी चिखल आणतो म्हणून ऐन धनत्रयोदशीला त्यांनी त्याला मालवाहू ऑटोत घातलं आणि वैनगंगेच्या पुलापलीकडे सोडून दिलं. पाडव्याला तो चालत परत आला. आधी त्यांच्याकडे गेला. फाटक उघडलं नाही, तेव्हा माझ्याकडे आला. मागचा पाय सुजून मडक्याएवढा झाला होता. त्या दिवसापासून मी मधुकररावांशी बोलणं टाकलं. सख्खे दीर, पण लग्नकार्यातही मी पाठ फिरवून बसले. भुऱ्याचं नाव बदलून पाहिलं, तो वळूनही बघेना. मधुकरराव रोज सकाळी डेअरीला जाताना फाटकावरून जायचे, आणि रोज सकाळी हा मूर्ख उठून उभा राहायचा, शेपूट हलवायचा. त्यांची गाडी दिसेनाशी झाली की मग खाली बसायचा. मला त्याचा इतका राग यायचा की कधी कधी त्या दिवशी मी त्याच्याशीही बोलायची नाही.

दर मंडईला मी भुऱ्यासाठी घर शोधलं. म्हातारा, लंगडा, कोण नेणार? मी गेल्यावर याचं काय, या एका काळजीत माझा जीव अडकला होता. बाकी सगळ्यांचं काही ना काही होईल, याचं कोणी नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मधुकरराव फाटकातून आत आले. त्यांची बायको, माझी जाऊ रुखमिणी, उन्हाळ्यात वारली. मुलं नागपूरला. ते ओट्यावर बसले आणि भुऱ्याने जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांनी मी तोंड उघडलं ते भांडायलाच.

"काहून आले?"

"वयनी, एक मांगाचं होतं. भुऱ्याले मले देऊन द्या."

"कायले? टाईल्स खराब होतीन ना तुमच्या."

ते भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "टाईल्सवर चालाले आता हाये कोण, वयनी? तो रोज शेपूट हालवून राह्यते, अन् मी रोज पुढं निंगून जातो. लाज वाटते थांबाची."

मी म्हटलं, "घर पाह्याले येईन. पसंत पडलं तं पाहू."

भाऊबीजेला रुपा आली, तिच्या स्कूटीवर बसून मी घर पाहायला गेले. खोड काढायचीच, असं ठरवून गेले होते. दारापासून त्यांच्या पलंगापर्यंत सगळ्या टाईल्सवर धानाची रिकामी पोती अंथरून, कडांना विटा ठेवून दाबली होती. मी विचारलं हे काय. म्हणाले, "गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतीन ना. म्हातारा झाला आता." मी पाणी मागितलं.

म्हणून माझ्या मरणानंतर भुऱ्या मधुकररावांना द्यावा, असं कलम मी वकिलांना लिहायला सांगितलं, आणि साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच घ्यायची म्हटलं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. मधुकररावांची सही घ्यायची तर हे कलम चालणार नाही. मी घरी येऊन भुऱ्याकडे पाहिलं. बसायला त्याला तीनदा गोल फिरावं लागतं, आणि उठायला त्याहून जास्त वेळ. माझ्या मरणाची वाट पाहत बसण्याइतकं आयुष्य त्याच्याकडे नाही.

तेव्हा हे कलम मी काढून टाकते. भुऱ्या आजच दिला. माझ्यामागे वाटायला तो उरलेला नाही आणि या मृत्युपत्रातून मधुकररावांना काहीही मिळत नाही, म्हणून त्यांनी साक्षीदार म्हणून खुशाल सही करावी. सही झाली की त्याला घेऊन जावं. फाटकातून जाताना तो मागे वळून बघणार नाही, हे मला माहीत आहे. रुपाने आणि शेजारच्या सत्यभामाबाईंनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये. वाईट मी वाटून घेईन, तेवढा हक्क माझा आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, कबूल केला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : शहापूर
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार : धुरपता नत्थू सेलोकर (सही)

साक्षीदार :
१. सत्यभामाबाई तेजराम हटवार, शेजारीण (सही)
२. मधुकर श्रीपत सेलोकर, दीर (सही)